नर्सिंग होमची यंत्रं, खाटा आणि बोअरवेल: घसाऱ्यासाठी कोणती वस्तू कुठे बसवायची

नवरा डॉक्टर, जाऊ डॉक्टर आणि घरात बी.कॉम. झालेली मी एकटी. एवढ्या एका कारणाने आमच्या नर्सिंग होमचे हिशेब माझ्याकडे आले. पहिल्याच मार्चअखेरीस सीएंचा निरोप आला, "फिक्स्ड असेटची, म्हणजे वर्षानुवर्षं वापरायच्या वस्तूंची, यादी पाठवा." मी बिलांची पिशवी पाठवून मोकळी झाले. चार दिवसांनी पिशवी परत आली, वर तीन प्रश्नांची चिठ्ठी: कलर डॉपलर (रक्तप्रवाह रंगात दाखवणारं सोनोग्राफी यंत्र) नक्की कुणाच्या मालकीचा? ओटीतला, म्हणजे ऑपरेशन थिएटरमधला, दिवा फर्निचरमध्ये का? बोअरवेल यंत्रांमध्ये का?

तिन्हींची उत्तरं मला त्या दिवशी येत नव्हती. आता येतात. घसारा म्हणजे वापराने झिजणाऱ्या वस्तूच्या किमतीचा जो भाग दरवर्षी उत्पन्नातून वजा होतो तो. ज्यांच्या गळ्यात हे काम नुकतंच पडलंय त्यांच्यासाठी सगळं क्रमाने लिहिते.

हे सगळं आपल्याकडच्या खासगी नर्सिंग होमसाठी आहे, मालकी एकट्या डॉक्टरची असो, भागीदारी असो, एलएलपी असो की कंपनी. धर्मादाय ट्रस्टच्या रुग्णालयाचे नियम वेगळे, त्यांनी यावर जाऊ नये. दर दिलेत ते प्राप्तिकर कायदा १९६१ च्या कलम ३२ आणि नियम ५ च्या परिशिष्टातले. १ एप्रिल २०२६ पासून प्राप्तिकर कायदा २०२५ लागू झालाय, कलमांचे क्रमांक बदललेत. त्यामुळे ज्या वर्षाचं काम करताय त्या वर्षीचा तक्ता एकदा उघडून बघाच.

बसण्याआधी हे जमवा

- प्रत्येक वस्तूचं मूळ खरेदी बिल (कोटेशन किंवा प्रोफॉर्मा नव्हे)
- डिलिव्हरी चलन आणि इंजिनिअरने सही केलेला इन्स्टॉलेशन रिपोर्ट
- पैसे बँकेतून गेल्याचा पुरावा
- कर्ज असेल तर मंजुरीपत्र आणि व्याजाचा दाखला
- सोनोग्राफीसाठी पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायदा) नोंदणी, एक्स-रे आणि सी-आर्म (शस्त्रक्रियेत वापरायचं फिरतं एक्स-रे यंत्र) यांसाठी अणुऊर्जा नियामक मंडळाचे कागद
- कंपन्यांनी "ठेवलेल्या" यंत्रांचे करार
- गेल्या वर्षीचा घसारा तक्ता. ऑडिट होत असेल तर तो कर-ऑडिटच्या ३सीडी फॉर्मच्या १८ व्या मुद्द्यात सापडतो

१. आधी फिरा, मग लिहा

बिलांवरून यादी करू नका. वही घेऊन तळमजल्यापासून गच्चीपर्यंत फिरा. सोबत सिस्टरना घ्या, कारण कुठलं यंत्र चालतं आणि कुठलं कापड टाकून झाकून ठेवलंय हे त्यांनाच माहीत असतं. आमच्या स्टोअरमध्ये दोन सक्शन मशीन निघाली, ज्यांचं बिल कुठेच नव्हतं. आणि ज्याचा घसारा पाच वर्षं घेतला जात होता तो जुना ऑटोक्लेव्ह इमारतीतच नव्हता.

प्रत्येक वस्तूला क्रमांक द्या आणि स्टिकर लावा. वहीत रकाने ठेवा: वस्तू, कंपनी, मॉडेल, सीरियल नंबर, खोली, बिल क्रमांक, बिलाची तारीख, वापर सुरू झाल्याची तारीख, किंमत, गट. सीरियल नंबर बिलावरून उतरवू नका, यंत्राच्या मागच्या पट्टीवरून उतरवा. सोनोग्राफीच्या बाबतीत हा नंबर तीन ठिकाणी तंतोतंत जुळावा लागतो: यंत्रावर, बिलावर आणि पीसीपीएनडीटीच्या नोंदणीत.

२. जे आपलं नाही ते बाजूला काढा

घसारा मालकाला मिळतो, वापरणाऱ्याला नाही. नर्सिंग होममध्ये परक्या मालकीच्या वस्तू वाटतात त्यापेक्षा जास्त असतात.

प्रयोगशाळेतला ऑटो-अ‍ॅनालायझर बहुधा रीएजंट (तपासणीची रसायनं) देणाऱ्या कंपनीचा असतो. दरमहा ठरावीक रीएजंट घ्यायचे, यंत्र "फुकट". ते तुमच्या यादीत येत नाही. ऑक्सिजनचे सिलिंडर पुरवठादाराचे असतात आणि तुम्ही दिलेली रक्कम अनामत असते. अनामतीवर घसारा नाही. स्वतः विकत घेतलेले सिलिंडर मात्र व्हॉल्व्ह आणि रेग्युलेटरसकट ४० टक्के घसाऱ्याच्या गटात जातात (गट चौथ्या मुद्द्यात), ते आठवणीने वेगळे लिहा. भाडेपट्ट्यावर घेतलेल्या यंत्राचं भाडं हा खर्च, घसारा भाडेपट्टा देणाऱ्याचा.

आता सीएंचा पहिला प्रश्न. आमचं नर्सिंग होम भागीदारी संस्था आहे, आणि कलर डॉपलरचं बिल विक्रेत्याने नवऱ्याच्या व्यक्तिगत नावाने फाडलं होतं. "सर, नाव नंतर बदलून देतो," असं तो म्हणाला होता. ते नंतर कधी आलं नाही. पैसे संस्थेच्या खात्यातून गेले होते म्हणून पत्रव्यवहार करून निभावलं, पण दोन महिने गेले. ऑर्डर देतानाच संस्थेचं पूर्ण नाव आणि पॅन लेखी द्या, आणि बिल हातात आलं की आधी नाव वाचा, किंमत मागाहून.

३. मालमत्ता की चालू खर्च?

सिरिंज, कॅथेटर, टाके, हातमोजे हा खर्च, यात वाद नाही. वाद होतो तो कात्र्या, फोर्सेप, बीपीचं यंत्र, स्टेथोस्कोप अशा मधल्या वस्तूंचा. कुणीतरी जुना जाणता तुम्हाला सांगेल, "पाच हजारांखालचं सगळं शंभर टक्के उडवता येतं." ती तरतूद १ एप्रिल १९९६ पासून कायद्यात नाही. किमतीची कुठलीही ठरलेली रेषा आज नाही. मी वर्षभराहून जास्त टिकणारी वस्तू मालमत्तेत धरते, आणि वारंवार बदलावी लागणारी छोटी हत्यारं खर्चात. तुमची रेषा थोडी इकडेतिकडे असली तरी चालेल, पण दरवर्षी तीच ठेवा.

दुरुस्तीचंही असंच. एएमसी आणि सीएमसी, म्हणजे देखभालीचे वार्षिक करार, खर्चात. सोनोग्राफीचा बिघडलेला प्रोब त्याच प्रकारच्या प्रोबने बदलला तर दुरुस्ती. आधी नसलेला नवा प्रोब घेऊन यंत्राची क्षमता वाढवली तर मालमत्तेत भर.

४. गट ठरवा

प्राप्तिकरात प्रत्येक वस्तूचा वेगळा घसारा नसतो. एकाच प्रकारच्या आणि एकाच दराच्या सगळ्या वस्तूंचा एक ब्लॉक, आणि घसारा ब्लॉकवर. नर्सिंग होमला साधारण एवढे ब्लॉक लागतात:

- इमारत, राहण्याची सोडून: १० टक्के
- राहण्याची इमारत, म्हणजे स्टाफ क्वार्टर्स वगैरे: ५ टक्के
- फर्निचर आणि फिटिंग्ज, विजेच्या फिटिंग्ज धरून: १० टक्के
- यंत्रसामग्री, सर्वसाधारण: १५ टक्के
- यंत्रसामग्री, ४० टक्क्यांची: संगणक आणि सॉफ्टवेअर, ठरावीक जीवरक्षक उपकरणं, डॉक्टरांची व्यावसायिक पुस्तकं, सौर उपकरणं

जमिनीवर घसारा नाही. प्लॉट आणि बांधकाम एकत्र घेतलं असेल तर जमिनीची किंमत आधी वेगळी काढा.

बोअरवेलचा प्रश्न इथे सुटतो. परिशिष्टाच्या टिपांत "इमारत" या शब्दात रस्ते, पूल, विहिरी आणि कूपनलिका धरल्यात. म्हणून खोदाई आणि केसिंग पाईप इमारतीत, १० टक्के. आत सोडलेला पंप मी यंत्रात धरते. त्याच टिपांत विजेच्या फिटिंग्जमध्ये वायरिंग, बटणं, सॉकेट आणि पंखे येतात. म्हणजे वॉर्डातला पंखा १० टक्के आणि शेजारचा एसी १५ टक्के. तर्क शोधत बसू नका.

खाली नर्सिंग होम आणि वर डॉक्टरांचं घर अशी रचना आपल्याकडे सर्रास असते. बांधलेल्या क्षेत्रापैकी दोन तृतीयांश किंवा त्याहून जास्त भाग राहण्यासाठी असेल तर इमारत राहण्याची मानतात. आणि डॉक्टरांच्या स्वतःच्या घराच्या भागावर घसारा मागायचाच नाही. नकाशावरून क्षेत्रफळाचं प्रमाण काढून कागद फाईलला लावा. डॉक्टरांची गाडी घरीही वापरली जाते तिलाही हाच न्याय: व्यवसायाच्या वापरापुरताच घसारा.

जागा भाड्याची असेल आणि तुम्ही पार्टिशन, फरशा, ओटीच्या भिंती असं मोठं काम केलं असेल, तर तेवढ्या भांडवली खर्चापुरते तुम्ही इमारतीचे मालक असल्यासारखं धरतात, १० टक्के. नुसती रंगरंगोटी ही दुरुस्ती.

आता फर्निचर आणि यंत्र यांच्यातला झगडा. "प्लांट" या शब्दाच्या व्याख्येत कायद्याने शस्त्रक्रियेची उपकरणं स्पष्ट घातली आहेत. मी स्वतःला एक प्रश्न विचारते: ही वस्तू काढून घेतली तर उपचार थांबेल, की नुसती गैरसोय होईल? ओटी टेबल आणि ओटीचा दिवा काढला तर शस्त्रक्रिया थांबते, म्हणून दोन्ही यंत्रसामग्री, १५ टक्के. तो दिवा छताला टांगलाय आणि इलेक्ट्रिशियनने बसवलाय म्हणून मी तो फिटिंग्जमध्ये टाकला होता! रिसेप्शनचं टेबल, बाकडी, कपाटं, रुग्णाजवळचं लॉकर हे फर्निचर. साधी लोखंडी खाट मी फर्निचरमध्ये ठेवते. आयसीयूतली मोटर असलेली, कोन बदलणारी खाट यंत्रात. शेवटच्या दोन वस्तूंवर तुमच्या सीएंचं मत वेगळं असू शकतं. असेल तर त्यांचं ऐका, आणि दरवर्षी बदलू नका.

एक्स-रेच्या खोलीत भिंतीत आणि दारात घातलेलं शिसं मी इमारतीत धरते. शिशाचा एप्रन आणि चाकांवरचा पडदा यंत्रात. जनरेटर, ऑटोक्लेव्ह, मेडिकल गॅस पाईपलाईन, सीसीटीव्ही १५ टक्के. स्वतःच्या रुग्णांसाठी ठेवलेली अ‍ॅम्ब्युलन्स १५ टक्के. ती भाड्याने चालवण्याचा वेगळा धंदाच असेल तर ३० टक्क्यांचा विचार होतो. यंत्राच्या पोटातला संगणक यंत्राचाच भाग. बिलिंगचा संगणक आणि त्याचा प्रिंटर ४० टक्के. यूपीएसवर मतं दोन आहेत, ते सीएंवर सोडा.

एक जुना सल्ला इथेच खोडते. "नर्सिंग होमची इमारत हीच प्लांट आहे, तिला यंत्राचा दर लावा," असं अजून काही जण सांगतात. ते हवेतून आलेलं नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००० साली एका नर्सिंग होमच्या बाजूने तसा निकाल दिला होता. पण त्यानंतर व्याख्या बदलली आणि १ एप्रिल २००४ पासून इमारत आणि फर्निचर "प्लांट"मधून बाहेर काढलं गेलं. जुने तक्तेही असेच फसवतात. संगणकाला ६० टक्के दाखवणारा तक्ता दिसला की तो फाडा. २०१७-१८ या आर्थिक वर्षापासून कमाल दर ४० टक्के आहे. उत्पादन करणाऱ्या कारखान्यांना मिळणारा २० टक्के जादा घसाराही आपल्याला नाही.

५. "जीवरक्षक" हा शब्द डॉक्टरांना विचारू नका

सर्वांत जास्त चुका इथे होतात, आणि प्रामाणिकपणे होतात. मी नवऱ्याला विचारलं, "यातली जीवरक्षक यंत्रं कुठली?" तो म्हणाला, "सगळीच." डॉक्टर म्हणून त्याचं बरोबर होतं. कायद्यासाठी मात्र ती एक बंद यादी आहे, यादीत नाव असेल तरच ४० टक्के.

यादीत आहेत: शरीराच्या आत वापरायचे डीसी डिफिब्रिलेटर आणि पेसमेकर, हीमोडायलायझर, हार्ट-लंग मशीन, कोबाल्ट थेरपी युनिट, कलर डॉपलर, स्पेक्ट गॅमा कॅमेरा, अँजिओग्राफी यंत्रणा, व्हेंटिलेटर (भूल यंत्रासोबतचा आणि स्वतंत्र, दोन्ही), एमआरआय, सर्जिकल लेसर, गॅमा नाईफ, बोन मॅरो प्रत्यारोपणाची उपकरणं, फायबरऑप्टिक एंडोस्कोप आणि त्या कुळातल्या दुर्बिणी, आणि सिंगल इन्सिजन लॅपरोस्कोप.

आता यादीत काय नाही ते बघा. सीटी स्कॅन नाही. एक्स-रे, सी-आर्म नाहीत. मल्टिपॅरा मॉनिटर, सिरिंज पंप, बेबी वॉर्मर, फोटोथेरपी नाहीत. साधी कृष्णधवल सोनोग्राफी नाही, कलर डॉपलर आहे. नुसतं भूल यंत्र नाही, त्याच्यासोबतचा व्हेंटिलेटर आहे. लॅपरोस्कोपीच्या अख्ख्या ट्रॉलीला, म्हणजे मॉनिटर, कॅमेरा, इन्सफ्लेटर सगळ्यालाच ४० लावण्याचा मोह होतो, आवरा. आपत्कालीन ट्रॉलीवर ठेवतो तो छातीवर पॅडल लावायचा डिफिब्रिलेटरही यादीच्या शब्दांत बसत नाही, कारण तिथे "आत वापरायचा" असं लिहिलंय.

म्हणून बिलावरचं वर्णन महत्त्वाचं. आमच्या डॉपलरच्या बिलावर फक्त "अल्ट्रासाऊंड सिस्टिम" आणि मॉडेल क्रमांक होता. यंत्र कलर डॉपलर आहे हे दाखवायला कंपनीचं तांत्रिक पत्रक जोडावं लागलं. ऑर्डरमध्येच पूर्ण वर्णन लिहून घ्या. भूल यंत्र आणि व्हेंटिलेटर एकाच बिलात असतील तर किमती वेगळ्या मागा.

६. किंमत किती धरायची

बिलाची रक्कम, वाहतूक, बसवण्याचा खर्च, आणि वापर सुरू होईपर्यंतचं कर्जाचं व्याज. त्यानंतरचं व्याज खर्चात. ईएमआयची बेरीज म्हणजे किंमत नव्हे.

जीएसटीही किमतीत मिळवा. रुग्णसेवा जीएसटीमधून मुक्त असल्यामुळे यंत्रावरच्या कराचं क्रेडिट आपल्याला मिळत नाही, तेव्हा तो कर यंत्राच्याच किमतीचा भाग.

रोखीचा सापळा: एका व्यक्तीला एका दिवसात १०,००० रुपयांपेक्षा जास्त रोख दिली, तर तेवढी रक्कम मालमत्तेच्या किमतीत धरत नाहीत. यंत्राचे पैसे कुणी रोखीने देत नाही, पण सुतार? केबिनचं काम करणाऱ्या मिस्त्रींना आम्ही शनिवारी २५,००० रोख दिले होते. ते गेलेच.

बायबॅक, म्हणजे जुनं यंत्र विक्रेत्याला देऊन नवं घेणं, वेगळा सांगायला हवा. नवं यंत्र १८ लाखांचं, जुन्याचे ३ लाख वळते, चेक १५ लाखांचा, म्हणून वहीत १५ लाख लिहिलं जातं. दोन्ही यंत्रं एकाच ब्लॉकमध्ये असतील तर फार बिघडत नाही. पण जुनी कृष्णधवल सोनोग्राफी १५ टक्क्यांच्या ब्लॉकमध्ये आणि नवा डॉपलर ४० टक्क्यांच्या ब्लॉकमध्ये असेल, तर ४० च्या ब्लॉकमध्ये पूर्ण १८ लाख वाढायला हवेत आणि १५ च्या ब्लॉकमधून ३ लाख कमी. विक्रेत्याला दोन्ही आकडे वेगळे दाखवायला सांगा.

७. तारीख कुठली?

बिलाची नाही, वापर सुरू झाल्याची. ज्या वर्षी घेतलं त्याच वर्षी १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला तर घसारा अर्ध्या दराने. हिशेबाला सोपं जावं म्हणून लक्षात ठेवा: ३ ऑक्टोबरला किंवा त्याआधी यंत्र सुरू झालं तर पूर्ण दर. यंत्र मार्चमध्ये आलं आणि खोक्यातच राहिलं तर त्या वर्षी काहीच नाही.

पुरावा म्हणून इन्स्टॉलेशन रिपोर्ट आणि पहिल्या रुग्णाची नोंद. सोनोग्राफी, एक्स-रे परवानगीशिवाय चालवता येत नाहीत, त्यामुळे परवानगीच्या कागदाआधीची "वापराची" तारीख लिहिलीत तर घसारा राहील बाजूला, भलतंच प्रकरण उभं राहील.

८. ब्लॉकचा हिशेब

१५ टक्क्यांच्या ब्लॉकची सुरुवातीची शिल्लक २०,००,००० धरा. वर्षात जुना मॉनिटर आणि कॉटरी १,००,००० ला विकली. डिसेंबरमध्ये ४,००,००० चं भूल यंत्र घेतलं.

२०,००,००० वजा १,००,००० म्हणजे १९,००,०००. त्यावर १५ टक्के, २,८५,०००. नव्या ४,००,००० वर साडेसात टक्के, ३०,०००. एकूण घसारा ३,१५,०००. पुढच्या वर्षाची सुरुवात १९,८५,००० ने.

"यंदा नफा कमी आहे, घसारा पुढच्या वर्षी घेऊ," ही युक्ती चालत नाही. मागा किंवा मागू नका, तो वजा झाल्याचं धरतात. कलम ४४एडीए खाली ठोक, म्हणजे खर्चाचा हिशेब न मांडता अंदाजाने धरलेलं, उत्पन्न दाखवलंत तरी त्या वर्षाचा घसारा घेतल्याचंच मानतात, शिल्लक तेवढी खाली येते.

नर्सिंग होम कंपनी असेल तर हे सगळं दुसऱ्यांदा, कंपनी कायदा २०१३ च्या अनुसूची २ प्रमाणे. तिथे दर नसून आयुर्मान असतं: एक्स-रे, सीटी, सोनोग्राफी, ईसीजी मॉनिटर यांना १३ वर्षं, इतर वैद्यकीय उपकरणांना १५, फर्निचरला १०, साध्या संगणकाला ३. दोन तक्ते, दोन फाईली. एकातला आकडा दुसऱ्यात उतरवू नका.

९. यंत्र जातं तेव्हा

विकलेल्या किंवा भंगारात दिलेल्या वस्तूचे जेवढे पैसे आले तेवढे ब्लॉकमधून वजा. भंगारवाल्याने १,२०० दिले तर १,२००. उरलेली किंमत "तोटा" म्हणून वेगळी उडवता येत नाही, ती ब्लॉकमध्येच झिजत राहते. विक्रीची रक्कम ब्लॉकपेक्षा जास्त झाली, किंवा ब्लॉकमधली शेवटची वस्तूही गेली, तर हिशेब अल्पकालीन भांडवली नफ्या-तोट्याच्या कलमात जातो. ४० टक्क्यांच्या ब्लॉकमध्ये एखाद-दुसरंच यंत्र असणाऱ्यांनी विकण्यापूर्वी सीएंना फोन करा.

सोनोग्राफी मशीन नोंदणी नसलेल्या कुणाला विकता येत नाही, आणि यंत्र बदलायचं तर जिल्ह्यातल्या समुचित प्राधिकाऱ्याला आधी कळवावं लागतं. एक्स-रे यंत्र मोडीत काढायचं तर नियामक मंडळाच्या ई-लोरा पोर्टलवर तशी नोंद करावी लागते. या दोन्ही कागदांची प्रत मालमत्ता वहीत त्या वस्तूच्या ओळीला टाचा आणि ओळीवर लाल रेघ मारा. वहीतून ओळ पुसू मात्र नका. आमच्या त्या गायब ऑटोक्लेव्हची ओळ कुणीतरी आधीच व्हाईटनरने पुसून टाकली होती, आणि तो कुठे गेला ते आम्हाला आजपर्यंत कळलेलं नाही.